बँकेत उन्हाळी इंटर्नशिप करताय? मग हे वाचा
मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या आसपास असतो, म्हणून डोक्याला दुपट्टा बांधूनच निघा. मी सीताबर्डीच्या ब्रांचमध्ये पहिले दोन आठवडे फक्त केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख अन् पत्ता पडताळायचे फॉर्म तपासले, कंटाळू नका, खरं शिकणं तिथंच आहे. चेक हातात आला की आधी तारीख बघायची, 3 महिन्यांच्या वरचा चालत नाही, मग अक्षरी अन् आकडी रक्कम जुळते का, मग सही. आयएफएससी कोड, म्हणजे ब्रांचचा ओळख-कोड, 11 अक्षरांचा, पाचवं कायम शून्य, लोक तिथं ओ लिहून देतात! पेन्शनवाले आजोबा आले तर उठून स्लिप भरायला मदत करा, पण ओटीपी कोणालाच विचारू नका. अन् रोजची डायरी रोजच लिहा, शेवटचा रिपोर्ट त्यातूनच निघतो.