हव्या त्या बेरजेचा जादूचा चौरस कसा मांडावा

खजुराहोला जाणारे बहुतेक जण पश्चिमेकडची देवळं पाहून परततात. पूर्वेकडच्या जैन मंदिरांपैकी पार्श्वनाथ मंदिराच्या दाराशी सोळा घरांचा एक चौरस कोरलेला आहे, तो पाहायचा राहून जातो. मंदिर दहाव्या शतकातलं. या चौरसाला चौतिसा यंत्र म्हणतात:

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

आडवी ओळ घ्या, उभी घ्या, कर्ण घ्या, बेरीज ३४. चार कोपऱ्यांची ३४, मधल्या चार घरांची ३४, शेजारशेजारच्या कोणत्याही २×२ तुकड्याची ३४. कर्ण एका कडेला तुटून दुसऱ्या कडेला पुढे चालू ठेवला (१२, ८, ५, ९), तरी ३४च. १ ते १६ आकड्यांचे चार बाय चारचे जादूचे चौरस एकूण ८८० होतात, पण इतकं सगळं जमणारे त्यांत मोजकेच. म्हणून शिकायचा तर हाच चौरस शिकावा.

पाठ करायला वरच्या दोनच ओळी पुरतात. कोणत्याही घरातून तिरपं दोन घरं गेलं की जो आकडा लागतो, त्याची आणि आपल्या आकड्याची बेरीज १७ होते. तेव्हा तिसरी ओळ लिहिताना पहिल्या ओळीचे दोन अर्धे मनात अदलाबदल करा (१, १४, ७, १२) आणि प्रत्येक आकडा १७ मधून वजा करा: १६, ३, १०, ५. चौथी ओळ तशीच दुसरीवरून. इथे हमखास होणारी चूक म्हणजे अदलाबदल विसरणं. दोन्ही ओळींत ती विसरली आणि ७ च्याच उभ्या ओळीत १० येऊन बसला की आडव्या-उभ्या बेरजा जमतात, पण कर्णांच्या बिघडतात.

आता समोरच्याने सांगितलेली बेरीज. १३, १४, १५ आणि १६ हे चार आकडे नीट पाहा. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि दोन्ही मुख्य कर्णांत त्यांतला एक आणि एकच आहे. म्हणून या चौघांत सारखीच वाढ केली की प्रत्येक बेरीज तेवढ्यानेच वाढते. बाजारातले जादूगार एवढ्यावरच काम भागवतात: बेरीज १०० हवी असेल तर ६६ वाढवून ७९, ८०, ८१, ८२ लिहितात. गणित बरोबर येतं, पण बारा बारीक आकड्यांत हे चार डोळ्यांत खुपतात आणि चाणाक्ष माणूस गुपित ओळखतो.

त्यापेक्षा असं करा. सांगितलेल्या बेरजेतून ३४ वजा करा. उरेल त्याला ४ ने भागा. भागाकार सोळाही घरांत मिळवा आणि बाकी उरली तर ती फक्त त्या चार आकड्यांत मिळवा. १०० साठी: १०० − ३४ = ६६, भागाकार १६, बाकी २. म्हणजे बारा घरांत १६ मिळवायचे आणि चार घरांत १८:

२३ २८ १७ ३२
१८ ३१ २४ २७
३४ १९ २६ २१
२५ २२ ३३ २०

बाकी शून्य असेल तर मूळ चौरसाचे सगळे गुण टिकतात. बाकी उरली तर ओळी, मुख्य कर्ण, चार कोपरे, मधला तुकडा आणि चार कोपऱ्यांतले तुकडे शाबूत राहतात, पण काही तुटके कर्ण आणि काही २×२ तुकडे बिघडतात. वरच्या चौरसात उजव्या कडेला मधल्या दोन ओळींत २४, २७, २६, २१ आहेत. त्यांची बेरीज ९८, कारण त्या तुकड्यात वाढीव आकडा एकही नाही. तेव्हा बाकी उरली असेल तर हे तुकडे दाखवायला जाऊ नका.

बेरीज ३४ पेक्षा कमी मागितली तर? मोठ्या चार आकड्यांतून वजाबाकी करता येते, पण आकडे पुन्हा येऊ लागतात. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलिया चर्चवर आहे. येशूच्या वयाचा म्हणून ३३ बेरजेचा चौरस शिल्पकार सुबिराक्सने तिथे बसवला. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१४ च्या चित्रातला ३४ चा चौरस उलटा फिरवून चार आकडे एकेकाने कमी केले की तो मिळतो. त्यात १० आणि १४ दोनदा आहेत, १२ आणि १६ नाहीतच. एक ते सोळा हे वेगवेगळे आकडे घेऊन ३३ येणारच नाही: १ ते १६ ची बेरीज १३६, तिचा चौथा हिस्सा ३४.

विषम घरांचे चौरस याहून सोपे. तीनचा सगळ्यांना ठाऊक असतो: ४ ९ २, खाली ३ ५ ७, खाली ८ १ ६. चिनी दंतकथा सांगते की लो नदीतून वर आलेल्या कासवाच्या पाठीवर राजा यू याला ही मांडणी दिसली. तीनच्या चौरसात बेरीज नेहमी मधल्या आकड्याच्या तिप्पट असते. म्हणून पूर्ण आकड्यांत २० ची बेरीज मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पाच, सात, नऊ घरांसाठी एकच रीत पुरते. १ वरच्या ओळीच्या मधल्या घरात. पुढचा प्रत्येक आकडा उजवीकडे तिरपा एक घर वर. चौरसाच्या वर गेलात तर त्याच उभ्या ओळीच्या तळाशी या, उजवीकडे बाहेर गेलात तर त्याच आडव्या ओळीच्या डाव्या टोकाला. घर भरलेलं असेल, किंवा उजव्या वरच्या कोपऱ्यातून पुढे जायचं असेल, तर शेवटी लिहिलेल्या आकड्याच्या थेट खाली. पाचचा असा होतो:

१७ २४ १ ८ १५
२३ ५ ७ १४ १६
४ ६ १३ २० २२
१० १२ १९ २१ ३
११ १८ २५ २ ९

बेरीज ६५. चूक बहुधा ६ वर होते: लोक अडवणाऱ्या घराच्या, म्हणजे १ च्या, खाली उतरतात. उतरायचं ५ च्या खाली. मध्यभागी १३ आला नाही तर पुढे न जाता मागे तपासा.

युरोपात ही ‘सयामी’ रीत म्हणून ओळखली जाते, कारण १६८७ मध्ये सयामला गेलेल्या ला लुबेर या फ्रेंच राजदूताने ती लिहून ठेवली. पण त्याला ती कळली परतीच्या जहाजावर, एका सहप्रवाशाकडून, आणि त्या प्रवाशाने ती सुरतेच्या लोकांची म्हणून सांगितली. नाव मात्र सयामला मिळालं. नारायण पंडिताने तर १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त ‘भद्रगणित’ हे अख्खं प्रकरण अशा चौरसांना दिलं होतं.

शेवटी वाढदिवसाचा चौरस, कारण मागणी याचीच जास्त. पहिल्या ओळीत तारीख (त), महिना (म), शतकाचे दोन अंक (श) आणि वर्षाचे दोन अंक (व):

त, म, श, व
व+१, श−१, म−३, त+३
म−२, त+२, व+२, श−२
श+१, व−१, त+१, म−१

रामानुजन यांची २२-१२-१८८७ ही तारीख घातली की प्रत्येक ओळीत १३९ येतात आणि सोळाही आकडे वेगळे. सगळ्याच तारखा इतक्या गुणी नसतात. या चौरसात चार सलग आकड्यांचे चार गट असतात: त ते त+३, म−३ ते म, श−२ ते श+१, व−१ ते व+२. दोन गट एकमेकांत घुसले की आकडे पुन्हा येतात, म्हणून लिहिण्याआधी हे गट मनात तपासा. महाराष्ट्र दिनाचा १-५-१९६० घेतला तर १ ते ४ आणि २ ते ५ भिडतात, आणि २, ३, ४ दोनदा येतात. १९०० च्या शतकातल्या १४ ते २० तारखेच्या प्रत्येक जन्माला हाच त्रास, कारण १९ चा गट १७ ते २० असतो. जानेवारी ते मार्चच्या तारखांत शून्य येतो, जानेवारी-फेब्रुवारीत उणे आकडेही. बेरीज मात्र बिघडत नाही.

आकडे पुन्हा येत असतील तर महिना आधी आणि तारीख नंतर लिहून पाहा. १५-८-१९४७ सरळ मांडला तर १७ आणि १८ दोनदा येतात. उलटवला की एकही नाही, बेरीज ८९:

८ १५ १९ ४७
४८ १८ १२ ११
१३ १० ४९ १७
२० ४६ ९ १४