व्हॅनचे मागचे ब्रेक तापतायत? पार्ट बदलण्याआधी निपल उघडून बघा

मागच्या चाकाकडून जळका वास येतोय, न्यूट्रलला गाडी नेहमीसारखी घरंगळत नाही, ॲव्हरेज पण पडलंय, म्हणजे ब्रेक नीट सुटत नाहीये. बरेच जण इथे सरळ लायनर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे पट्टे) बदलतात आणि आठवड्याभरात तोच वास परत. मी पण तेच केलं होतं, लायनर झाले, चाकातला सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा) झाला, आणि शेवटी दोष निघाला ब्रेक ऑइल चाकाकडे नेणाऱ्या वीतभर रबरी होजपाइपमध्ये.

आधी कुठलं चाक तापतंय ते बघा. दहा-पंधरा मिनिटं ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी चालवा, थांबल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या, टेकवायचा मात्र नाही, भाजेल. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

गार झाल्यावर पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागून जॅक लावा, स्टँड द्या (नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. चाक हाताने फिरवा. हलकं घासत असेल तर चालतं, पण दोन हातांनी जोर लावावा लागत असेल तर जाम आहे. गुरगुर येत असेल किंवा चाक डुगडुगत असेल तर बेअरिंग बघा, तेही तापतं.

आता हँडब्रेकची केबल ॲडजस्टरपाशी ढिली करा. चाक सुटलं तर केबल आत गंजलीय किंवा कोणीतरी गरजेपेक्षा जास्त ओढून ठेवलीय. नाही सुटलं तर एकाने ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडायचा आणि लगेच तुम्ही ब्लीडिंग निपल (चाकातल्या सिलिंडरमागचा, ऑइल-हवा बाहेर काढायचा स्क्रू) अर्धा फेरा उघडायचा. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं तर प्रेशर आत अडकलंय. ऑइल नुसतं ठिबकलं आणि चाक तसंच घट्ट राहिलं तर दोष ड्रमच्या आत आहे, म्हणजे जाम सिलिंडर, थकलेल्या स्प्रिंगा, किंवा जास्त टाइट केलेला लायनरचा ॲडजस्टर (लायनर-ड्रममधलं अंतर ठरवणारा).

प्रेशर अडकलं असेल तर निपल बंद करा, परत ब्रेक दाबून सोडा आणि यावेळी होजपाइपच्या अलीकडचा, मास्टर सिलिंडरच्या (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) बाजूचा लोखंडी पाइप ढिला करा. चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडर किंवा पेडलच्या रॉडला प्ले (थोडा मोकळेपणा) नाही. नाही सुटलं तर होजपाइपच. माझा जुना होज कापला तेव्हा बाहेरून नवाकोरा, आतलं रबर मात्र इतकं फुगलेलं की भोकातून सुई जेमतेम गेली असती. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, परत यायला वाट नाही. बऱ्याच व्हॅनमध्ये मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच होज असतो, त्यामुळे दोन्ही तापली तरी त्याच्यावरचा संशय सोडू नका.

ड्रम उघडलाच तर धूळ फुंकू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. ड्रम निघत नसेल तर हातोडा मारण्याआधी ॲडजस्टर मागे फिरवा. लायनरला ऑइल लागलं असेल तर धुऊन काही होत नाही, दोन्ही बाजूंचे बदला. ॲडजस्टर डावे-उजवे वेगळे असतात, खुणा करून ठेवा. बॅकप्लेटवर (लायनरमागचा न फिरणारा पत्रा) लायनर घासतात तिथे जास्त तापमानाचं ग्रीस अगदी बोटभर. आधी लायनर सेट करायचे, केबल सगळ्यात शेवटी, उलटं केलं की पुन्हा तापणार.

मग निपलमधून ब्रेकच्या पाइपांतली हवा काढा. मागच्या ॲक्सलला लोडप्रमाणे प्रेशर बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर ॲक्सल लटकत ठेवून हवा काढू नका, वजन चाकांवर घ्या. ऑइल गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, शक्यतो न उघडलेल्या बाटलीतलं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पाणी शोषल्यावर तीच हद्द १५५ पर्यंत येते, आणि तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं की पेडल सरळ तळाला जातं.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक तपासा, मग पहिल्यासारखीच पंधरा मिनिटांची चक्कर मारून परत हात न्या. डावं-उजवं साधारण सारखंच कोमट लागलं पाहिजे.