रक्तचंदनाची लागवड : या चुका टाळा

रक्तचंदन हे आंध्र प्रदेशातल्या पूर्व घाटाच्या दक्षिण भागाचे झाड. कडप्पा, चित्तूर, नेल्लोर भागातल्या कोरड्या, खडकाळ डोंगरांवर ते आपोआप वाढते. खोडातल्या लाल गाभ्यासाठी झालेल्या चोरट्या तोडीमुळे ते संकटग्रस्त ठरले असून १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारासंबंधीच्या जागतिक कराराचे निर्बंध आहेत. लागवडीने जंगलावरचा ताण हलका होऊ शकतो, पण बरीच रोपे आपण लाडानेच मारतो.

पहिली चूक बियाण्यातच होते. लाल, चकचकीत, टणक बी रक्तचंदनाचे म्हणून विकले जाते, पण ती असते रतनगुंज, म्हणजे वेगळ्याच झाडाचे बी. रक्तचंदनाची शेंग चपटी, गोलसर, कडेने पंख असलेली असते आणि आत एक, क्वचित दोन बिया. बिबळा या त्याच्या जवळच्या झाडाची शेंगही अशीच दिसते, म्हणून पान पाहा: बिबळ्याला ५ ते ७ पर्णिका, रक्तचंदनाला बहुधा ३.

शेंगा तशाच पेरल्या तर उगवण फार कमी होते. कवच कठीण असते आणि बऱ्याच शेंगा पोकळ निघतात. त्याच हंगामातल्या शेंगा घ्या, पंख कापा, ७२ तास थंड पाण्यात भिजवा आणि पाणी रोज बदला. शेंगा एकाच झाडाच्या नकोत. अनेक मातृवृक्षांच्या मिसळा, नाहीतर पुढची पिढी दुबळी होते.

पांढरे चंदन अर्धपरजीवी आहे, म्हणजे ते दुसऱ्या झाडाच्या मुळांतून काही अन्न-पाणी घेते, म्हणून त्याला असे यजमान झाड शेजारी लागते. रक्तचंदन शेंगवर्गीय आहे, त्याला यजमानाची गरज नाही. यजमान म्हणून शेजारी दाट तूर लावली तर उलट त्याचे ऊन अडते, आणि या झाडाला भरपूर ऊन हवे.

सगळ्यात जास्त नुकसान पाण्याने होते. काळ्या चिकट जमिनीत पाणी साचले की मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात. मग खत कमी पडले असे समजून आणखी खत-पाणी दिले जाते. निचऱ्याची मुरमाड किंवा उताराची जमीनच निवडा. रोप पिवळे पडले तर आधी पाणी थांबवा आणि बुंध्याभोवती चर काढून पाणी बाहेर काढा.

हिवाळ्याच्या शेवटी पाने गळाली म्हणून झाड उपटू नका, ते पानगळीचेच आहे. नखाने साल खरवडा. आत हिरवे दिसले तर जिवंत आहे.

दहा-बारा वर्षांत लाखोंचा गाभा मिळेल, या जाहिरातींवर विसंबू नका. गाभा भरायला अनेक दशके लागतात. रोपांची पावती आणि लागवडीची नोंद मात्र पहिल्या दिवसापासून जपा. तोड-वाहतुकीच्या परवानगीच्या वेळी झाड जंगलातले नाही हे त्यावरूनच दाखवता येते.