शाळेत आग लागली, हादरे बसले तर? आधी मुलं मोजायची तयारी करा

आपत्ती व्यवस्थापन आराखडा बहुतेक शाळांत असतोच, तपासणीच्या फाईलला व्यवस्थित लावलेला, पण पाचवीच्या मॅडमना मधेच विचारा की आत्ता आग लागली तर वर्ग कुठल्या जिन्याने खाली न्यायचा, तर त्यांना विचार करावा लागतो. माझं म्हणणं आहे की बाकी सगळं नंतर, आधी एवढं पक्कं करा की आज हजर असलेलं प्रत्येक मूल बाहेर आलंय का हे पाच मिनिटांत छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे.

हजेरीचा कॅटलॉग पहिल्या तासानंतर ऑफिसात जातो आणि गडबडीत तो कुणालाच सापडत नाही. म्हणून प्रत्येक वर्गाच्या दाराजवळ खिळ्याला एक साधी वही अडकवा, त्यात मुलांची नावं, रोजचे गैरहजर, उशिरा आलेलं कोण, मधल्या सुट्टीत ताप आला म्हणून घरी गेलेलं कोण, सगळं लिहायचं, आणि बाहेर पडताना ती वही बाईंच्या हातात. मैदानावर नावं घेऊन हजेरी घ्या, नुसती डोकी मोजू नका, कारण घाबरलेलं दुसरीतलं पोर सहावीतल्या ताईच्या रांगेत जाऊन उभं राहतं आणि मग दोन्ही वर्गांचे आकडे चुकतात. टॉयलेट, किचन शेड आणि कॉम्प्युटर रूम बघायला कोण जाणार ते नावानिशी ठरवा, तो माणूस रजेवर असेल तर कोण तेही. चालता न येणाऱ्या मुलासाठी दोन मोठी माणसं ठरलेलीच हवीत.

जमायची जागा भिंतींपासून, विजेच्या तारांपासून लांब पाहिजे. 26 जानेवारी 2001 ला भुजचा भूकंप झाला तेव्हा गुजरातमधल्या अंजार गावातली शाळेची मुलं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती, दोन्ही बाजूची घरं त्यांच्यावर कोसळली. म्हणजे मुलं उघड्यावर होती तरी वाचली नाहीत. शाळेला मैदान नसेल तर जवळचं मंदिराचं पटांगण, मंगल कार्यालयाचं आवार बघून ठेवा आणि त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या.

जिने आणि गेट. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली, वर झावळ्यांचं छप्पर, खाली यायला अरुंद जिना, 94 मुलं गेली. तुमच्या जिन्याखाली जुने बाक, रद्दी, मोडकं सामान असेल तर ते या आठवड्यात हलवा, त्यासाठी कुठल्याही जीआरची वाट बघायला नको. अनोळखी माणूस आत येऊ नये म्हणून गेट बंद ठेवणं बरोबरच आहे, पण शाळा भरलेली असताना मागच्या गेटलाही कुलूप नको, आतून कडी लावा आणि लक्ष ठेवायला माणूस ठेवा.

मेन स्विच बंद केला की इलेक्ट्रिक बेल वाजत नाही, म्हणून हाताने वाजवायचा जुना टोल काढू नका. आगीला टोल सतत वाजवायचा आणि लगेच बाहेर, दप्तर नाही, डबा नाही. भूकंपात मात्र उलट, हादरे चालू असताना पळायचं नाही, बाकाखाली शिरून बाक घट्ट धरायचा, हादरे थांबले की रांगेने बाहेर. हा फरक मुलांना परिपाठात परत परत करून दाखवा. अग्निशामक सिलेंडरचा काटा हिरव्यावर आहे का ते महिन्यातून एकदा बघा.

खिचडी वाढायच्या आधी चव घेणं ही नुसती रजिस्टरमधली सही नाही. 2013 मध्ये बिहारमध्ये छपरा शहराजवळच्या एका शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन 23 मुलं गेली. तेलाला, डाळीला वेगळा वास आला तर त्या दिवशी जेवण थांबवायचा अधिकार स्वयंपाकाच्या मावशींनाही द्या. साप चावला तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मुलाला चालवायचं नाही, चावलेला भाग हलू न देता सरळ प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं, आणि ते जवळ कुठे मिळतं हे आजच फोन करून विचारा.

तातडीच्या मदतीचा 112, ॲम्ब्युलन्सचा 108, अग्निशमन दलाचा 101 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, त्याच्याखाली शाळेचा पत्ता तालुक्यासकट आणि जवळची खूण पण लिहा, कारण पिंपळगाव नावाची गावं ढीगभर आहेत आणि फोन घेणारा आपल्या भागातला नसतो.

पालक धावत येणारच. मुलाला कोण नेऊ शकतं अशी दोन नावं प्रवेशाच्या वेळीच घ्या, आणि त्या दिवशी सही घेतल्याशिवाय मूल सोडू नका, शेजारचे काका असले तरी, नाहीतर नेलं कुणी आणि शोधतंय कोण असं होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फक्त मुख्याध्यापकांचा, बाकी कुणी फोटो टाकायचे नाहीत.

पहिलं ड्रिल सांगून घ्या म्हणजे लहान मुलं घाबरणार नाहीत. दुसरं मधल्या सुट्टीत घ्या, मुलं पांगलेली असताना, आणि एका जिन्यावर बाक आडवा टाकून तो रस्ता बंद आहे असं सांगा. किती वेळ लागला आणि कुठला वर्ग अडकला ते लिहून शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांसमोर ठेवा, दुसऱ्या जिन्याचा किंवा गेटचा खर्च तिथेच मागता येतो.