दांडिया बाजार-रावपुऱ्यात परवडणारी खोली शोधताना

वडोदऱ्याच्या जुन्या भागातल्या स्वस्त खोल्या ॲपवर फारशा दिसत नाहीत. पायी फिरा, ‘भाडे आपवानुं छे’च्या (भाड्याने देणे आहे) पाट्या बघा, किराणावाल्यांना आणि इस्त्रीवाल्यांना विचारा. दलाल गाठलात तर दलाली आधीच ठरवा.

खोली पाहायला पाणी येण्याच्या वेळेलाच जा. वरच्या मजल्यावर नळाला धार किती, मोटर लावावी लागते का, टाकी सामाईक आहे का, हे तेव्हाच कळतं. जुन्या वाड्यात छताचे कोपरे आणि कपाटामागची भिंत हात लावून बघा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर खाली ओल असण्याची शक्यता मोठी. तळमजला असेल तर ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा.

विजेचा सबमीटर (मालकाच्या मीटरवरून खोलीसाठी काढलेला वेगळा मीटर) असेल तर युनिटचा दर करारात लिहून घ्या आणि पहिल्याच दिवशी रीडिंगचा फोटो काढा. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे. डिपॉझिट रोख देऊ नका. ते किती दिवसांत परत मिळणार आणि त्यातून काय कापणार, तेही करारात हवं.