खडकवासल्यातून पाणी सोडलं की ड्यूटीचं काय करायचं (सिस्टर, ब्रदर सगळ्यांसाठी)

पाणी सोडलं की पुण्यातला भिडे पूल बुडतो हे आपल्याला पाठ आहे, पण त्या दिवशी नाइटवाली सुटणार कशी आणि मॉर्निंगवाली पोचणार कशी हे कुठल्याच प्लॅनमध्ये नसतं. २५ जुलै २०२४ ला पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं, आमच्यातली एक जण सासूबाईंना वरच्या मजल्यावर पोचवून ओल्या कपड्यात ड्यूटीवर आली आणि दिवसभर तिचा जीव घरी अडकलेला. म्हणून माझ्या मते पहिली तयारी घरचीच. मुलांना कोण घेणार, आईबाबांच्या गोळ्या कुठेत, हे शेजारच्या काकूंना पावसाळ्याआधीच सांगून ठेवा. लॉकरमध्ये दोन ड्रेस, कोरड्या चपला, पॅड, पॉवर बँक, स्वतःच्या तीन दिवसांच्या गोळ्या आणि थोडे शेंगदाण्याचे लाडू ठेवा, कँटीन बंद पडतं हो.

वॉर्डात ऑक्सिजन आधी बघा. भरलेला जंबो सिलिंडर साधारण ७००० लिटरचा, मिनिटाला १० लिटरवर साडेअकरा तास जातो, छोटा बी टाइप १५०० लिटरचा तो अडीच तासातच संपतो, आणि सिलिंडरची चावी ट्रॉलीलाच बांधून ठेवा नाहीतर ऐनवेळी सगळे चावीच शोधत बसतात. प्रत्येक व्हेंटिलेटरच्या पेशंटजवळ अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हवीच, लाइट गेली तर मोठ्या माणसाला ६ सेकंदाला एक श्वास, आणि दाबणारी व्यक्ती दमते तेव्हा बदलीला कोण ते आधीच ठरवा. पेशंटची यादी कागदावर पण ठेवा.

कॅज्युअल्टीत एकदम गर्दी आली की सगळ्यात अवघड काम ट्रायाजचं, म्हणजे आधी कोणाला बघायचं ते ठरवायचं. पुण्यातला जर्मन बेकरीचा स्फोट १३ फेब्रुवारी २०१० चा, शनिवारची संध्याकाळ होती, म्हणजे स्टाफ कमी असण्याचीच वेळ, त्यामुळे हे फक्त इनचार्जला येऊन चालत नाही. प्रत्येकाला रंगाचा टॅग लावायचा: लाल सगळ्यात आधी, मग पिवळा, मग हिरवा, आणि काळा म्हणजे वाचण्याची आशा नाही. चालू शकतो तो हिरवा. श्वास नाही, मान सरळ करून वाट मोकळी केली तरी नाही, तो काळा. श्वास मिनिटाला ३० च्या वर, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग यायला २ सेकंदांपेक्षा जास्त, किंवा साधं "हात दाबा" सांगितलेलं कळत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल. उरलेले पिवळे. हा हिशोब मोठ्या माणसांचा, लहान मुलांचा वेगळा असतो. जो ओरडतोय त्याच्याकडे आपण आधी धावतो, पण कोपऱ्यात गप्प पडलेला लाल असू शकतो, आणि दर थोड्या वेळाने परत बघायचं कारण पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही. काळा टॅग लावताना हात थरथरतो, माझाही थरथरलाय, नातेवाईक समोर उभे असतात. तो निर्णय एकटीवर घेऊ नका, जवळच्या डॉक्टरला किंवा सीनियरला हाक मारा, आणि नंतर झोप उडाली तर टेली-मानसला (सरकारची मानसिक आधाराची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, त्यात कमीपणा काही नाही.

पूर ओसरल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे ताप आणि पोटऱ्या दुखतायत म्हणून कोणी आलं तर "पाण्यातून चाललात का" हे विचाराच, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) असू शकतो, आणि तुम्ही स्वतः पाण्यातून आला असाल तर डॉक्टरांना डॉक्सीबद्दल (डॉक्सीसायक्लिन, लेप्टो टाळायची गोळी) त्याच दिवशी विचारा.