पावसातही वाळतील अशा शिवलेल्या भेटी

कोकणात लहान मुलासाठी काही शिवायचं तर आधी ते वाळणार कसं याचा विचार करावा. जून ते सप्टेंबर साधे कपडेसुद्धा पडवीतल्या दांडीवर दोन-दोन दिवस ओलसर राहतात. त्यात वर्षा-दीड वर्षाचं मूल हातात येईल ते तोंडात घालतं, त्यामुळे भेट सारखी धुवावी लागते. जाड, ठासून भरलेलं खेळणं आतून ओलं राहिलं की आधी कुबट वास येतो आणि मग बुरशीचे काळे ठिपके दिसतात. ते ठिपके पुन्हा निघत नाहीत. म्हणून इथे निवडलेल्या चारपैकी तीन वस्तू चपट्या आहेत. भरलेला आहे तो एकटा चेंडू, कारण चेंडूशिवाय मुलांचं भागत नाही. गणपतीला चाकरमान्यांबरोबर पोरंबाळं घरी येतात, त्यांच्यासाठी श्रावणात शिवायला बसलात तर चारही वस्तू आरामात होतात.

कापड घरातलंच घ्या: जुनी सुती साडी, नऊवारी लुगडं, पंचा, धोतर, बाह्या-कॉलर झिजलेला सुती शर्ट. साडीचा बसण्याचा भाग आणि निऱ्यांची खालची कड विरलेली असते, ती सोडून द्या. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून झटका द्या. चर्र आवाज आला तर ते शिवण धरणार नाही, कितीही सुंदर असलं तरी पायपुसण्यात जाऊ द्या. सुती की टेरिकॉट अशी शंका असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, टेरिकॉटचा वितळून कडक मणी होतो. रंग जातो का हे पाहायला पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड मुलाच्या तोंडाजवळ नको. नवं कापड वापरणार असाल तर खळ जाईपर्यंत धुवा, म्हणजे ते जे आटायचं ते आधीच आटेल. जरीचे काठ कापून बाजूला ठेवा, ते गालाला टोचतात.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या. जुन्या डब्यातला सुती दोरा दमट हवेत कुजलेला असतो आणि शिवण उसवते ती बहुतेक त्याच्यामुळे. मशीनला १४ नंबरची सुई, इंचाला १० ते १२ टाके आणि शिवणीला पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं जास्तीचं कापड. साडी जुनी असेल तर माया थोडी जास्तच ठेवा. मशीन नसेल तर हातशिलाईची उलटी टीप चालते, नुसता धावदोरा नाही. समुद्राकडच्या खारट हवेत टाचण्या फार लवकर गंजतात. रात्रभर कापडात राहिलेली टाचणी सकाळी तांबडा डाग सोडून जाते, म्हणून काम थांबवलं की टाचण्या काढून ठेवा.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटण, मणी, घुंगरू, टिकली यातलं काहीही लावू नका. शिवण कितीही घट्ट असली तरी मूल ते चावून काढतं आणि घशात अडकतं. डोळे, तोंड सगळं दोऱ्यानं भरा. दोरी किंवा फीत लावायचीच तर वीतभरापेक्षा लांब नको.

चेंडू

सर्वांना सुचणारी पहिली रीत म्हणजे दोन गोल कापून कडेनं शिवून भरणं. तसा चेंडू होत नाही. ५ इंचांचे दोन गोल भरले की मध्ये फुगतात, व्यास पावणेचार इंचांच्या आसपास उरतो आणि कड सगळी चुण्यांची होते. गोल हवा असेल तर सहा पाकळ्या कापाव्या लागतात.

जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर साडेसात इंचांची उभी रेघ मारा. दोन्ही टोकांपासून सव्वा इंचावर रुंदी सव्वा इंच ठेवा, अडीच इंचावर सव्वादोनला किंचित कमी, बरोबर मध्यावर अडीच इंच. हे बिंदू हातानंच, कोपरा न येऊ देता जोडा. ही शिवणीची रेघ झाली. तिच्याबाहेर चहूकडे पाव इंच माया धरून कापा. भरल्यावर चेंडू पावणेपाच इंचांच्या आसपास होतो. एवढा दोन वर्षांच्या मुलाच्या दोन्ही हातांत नीट बसतो आणि तोंडात मात्र जात नाही. सहा पाकळ्यांना ८ इंच रुंद, १८ इंच लांब कापड लागतं, किंवा सहा वेगवेगळे तुकडे.

सगळ्या पाकळ्यांची लांबी कापडाच्या उभ्या धाग्यावरच ठेवा. काटकसर करायला एखादी पाकळी उरेब, म्हणजे तिरकी कापली की ती भरताना ताणते आणि चेंडू एका बाजूला फुगतो. मग कितीही दाबलं तरी तो सरळ घरंगळत नाही.

तीन-तीन पाकळ्या जोडून दोन अर्धे करा. प्रत्येक शिवण टोकाच्या पाव इंच अलीकडे थांबवा आणि तिथे मागे-पुढे टीप मारा. शेवटपर्यंत शिवलं तर सहा टोकांची माया एका जागी गोळा होऊन गाठ येते. आता दोन्ही अर्धे उलट बाजू बाहेर ठेवून जोडा आणि एका शिवणीच्या मध्यावर अडीच इंच जागा उघडी सोडा. ही जागा टोकाशी सोडली तर नंतर झाकता येत नाही. वळणावर मायेला दर अर्ध्या इंचाला छोटे छेद द्या, टाक्याच्या दोन धागे अलीकडे थांबा, मग उलटून घ्या.

भरायला रेक्रॉन, म्हणजे उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस घ्या. एका चेंडूला साधारण ५० ग्रॅम लागतं, म्हणजे पाव किलोत चार-पाच चेंडू होतात. सावरीचा कापूस घरचा असतो, फुकट असतो, पण इथे तो नको: त्यात बिया राहतात, बारीक तंतू शिवणीतून बाहेर येतात आणि ओला झाला की गुठळ्या होतात. चिंध्यांनी भरलेला चेंडू पावसाळ्यात आतपर्यंत वाळतच नाही. रेक्रॉन लिंबाएवढ्या पुंजक्यांनी, आधी लांबच्या टोकाला, चमच्याच्या दांड्यानं सारत भरा. एकदम मोठा गोळा कोंबला तर खड्डे पडतात. भरून झाल्यावर दोन्ही हातांनी दाबून बघा. शिवणी खोल जाऊन भोपळ्यासारख्या फोडी दिसल्या तर भरण कमी आहे. टोकं लिंबासारखी बाहेर आली तर पाकळीचं टोक फार निमुळतं काढलं गेलं आहे. उसवायला नको, पुढच्या चेंडूला कागद सुधारा. उघडी जागा आतून लपणाऱ्या टाक्यानं बंद करा. टोकांना बारीक भोक राहतंच, त्यावर दीड इंचाचा गोल तुकडा कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवा.

पापलेट

मासा शिवायचा तर पापलेटच शिवा. बांगडा भरल्याशिवाय बांगडा दिसत नाही, पापलेट मुळात चपटं. आत जुन्या टॉवेलचा एक थर पुरतो आणि पंख्याखाली ते लवकर वाळतं. राखाडी सुती शर्ट यासाठी उत्तम. चकचकीत सॅटिन माशाला शोभतं खरं, पण त्याच्या कडा सुटतात.

अंग ७ इंच लांब, ६ इंच उंच काढा, वर-खाली मागे वळलेले पर, शेवटी दुभंगलेली शेपटी. शेपटी अंगाला जोडते तिथे दीड इंचापेक्षा अरुंद करू नका, उलटताना अडकते. शर्टाचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून एकावर एक घाला, खाली टॉवेल, आणि पोटाला अडीच इंच सोडून सभोवार शिवा. शेपटीच्या खाचेत टाका बारीक करा. त्या खाचेत छेद टाक्याला जवळजवळ भिडेपर्यंत हवा, नाहीतर उलटल्यावर तिथे सुरकुती राहते. टॉवेलची माया टाक्यालगत कापून टाका. उलटून इस्त्री करा, पोट बंद करा. मग गालाची कमान आणि परांच्या रेघा तिन्ही थरांतून धावदोऱ्यानं भरा. त्यानं मासा उठून दिसतो आणि टॉवेलही धुण्यात गोळा होत नाही. डोळा साखळी टाक्यानं.

लाळेरं आणि दुपटं

लाळेऱ्याला पुढे साडीचं कापड, मागे पंचा. साडेआठ इंच रुंद, अकरा इंच लांब, गळ्याचं भोक साडेतीन इंच. मागच्या दोन पट्ट्या एकमेकींवर दीड इंच चढायला हव्यात. गळ्याला नाडी नको, वेल्क्रो लावा, म्हणजे कुठे अडकलं तर ओढीनं सुटतं. वेल्क्रोची खरखरीत बाजू मानेकडे नको. धुताना तो चिकटवून ठेवा, नाहीतर इतर कपड्यांचे धागे ओढतो. मागे रेक्झिन लावायचा मोह होतो, पण त्याखाली पंचा ओला राहतो.

दुपटं ३६ इंच चौरस, साडीचे दोनच थर. तिसरा थर घातला की थंडीत बरं वाटतं आणि आषाढात डोकेदुखी होते. विरलेला भाग वगळूनही एका नऊवारीत तीन दुपटी निघतात. मध्यापासून कडांकडे कच्चे टाके घाला, मग दीड इंचाच्या अंतरानं धावदोरा. दोरा ओढून घट्ट करू नका, कापड आवळतं आणि चौकोन वाकडा होतो.

बारशाला मोहरीची उशी द्यायची पद्धत आहे. ती टाळलेली बरी: वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी नको असं डॉक्टर सांगतात, शिवाय दमट हवेत मोहरीला ओल लागते.

भेट देण्याआधी एकदा धुवून, पूर्ण वाळवून, शिवणी ताणून बघा. नंतर जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्रत्येक वस्तूवरून फिरवा. एखादी टाचणी किंवा तुटलेलं सुईचं टोक आत राहिलं असेल तर चुंबक तिथे ओढ घेतं.